मधली सात मिनिटं

क्वीन्सटाउनात तेव्हा डोंगरांवर औषधालासुद्धा झाड नव्हतं.
तांब्याच्या भट्ट्यांच्या धुरानं सगळं खाऊन टाकलेलं.
फुटबॉलचं मैदानही खडीचं,
पडलं की गुडघा थेट हाडापर्यंत.
म्हणून शनिवारी आम्ही घरात.

मिसेस ट्रेगेन्झांच्या पेट्रोल पंपावर
गळ आणि तंबाखू यांच्या मधल्या फळीवर
अकरा कॅसेटी. दहा पाहून झालेल्या.
अकरावीच्या खोक्यावर बॉलपेननं लिहिलेलं:
‘दिवा लावू नका’.
मेरिन म्हणाली, हीच.
ती बाराची, मी आठचा.
बाबा रात्रपाळीला खाणीत, आई वर झोपलेली.

गोष्ट एवढीशीच.
एका बेटावर पतंग येतात, माणसाएवढाले,
जिथं ज्योत दिसेल तिथं झडप घालतात.
पंख छत्रीच्या कापडाचे. काड्या दिसतात.
एकदा तर मूठसुद्धा दिसते, वाकडी, लाकडाची.
डोळे म्हणजे मोटारीचे मागचे दिवे,
आणि पाद्र्याचा गळा आवळणाऱ्या पंज्याला
मनगटी घड्याळ. सव्वाचार.
हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

चौतिसाव्या मिनिटाला
पडदा खरखरला, एक पांढरी रेघ वर सरकली,
आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
पिवळ्या फ्रॉकातली मुलगी
केकसमोर बसलेली.
सहा मेणबत्त्या.
आवाज नाही.
कुणाचा तरी हात तिचे केस मागं सारतो.
ती आमच्याकडे बघते.
फुंकर मारत नाही.

भाड्याच्या कॅसेटवर कुणीतरी
आपल्या घरचा वाढदिवस चढवला होता,
कडेचं भोक चिकटपट्टीनं बुजवून.
हे फार पुढं कळलं.
तेव्हा कळलं ते इतकंच, की तिच्या मागं खिडकी आहे,
काळी, पडदा न ओढलेली,
आणि सहा ज्योती आहेत.

विझव, मेरिन पुटपुटली.
मग ओरडली. विझव, अगं विझव!
माझी तर बोबडीच वळलेली.
मेण ओघळून केकवर उतरलं.
मग रेघ, खरखर,
आणि परत बेट, परत छत्रीचे पंख.
ती मुलगी कुठंच नाही.
तिचं नावही कुणी काढत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही ती कॅसेट नऊ वेळा आणली.
शेवटी मिसेस ट्रेगेन्झा म्हणाल्या, ठेवूनच घ्या.
माझ्या नवव्या वाढदिवसाला केक आला,
मी आधी उठून पडदे ओढले.

आता त्या सिनेमाला भक्त आहेत.
होबार्टला मध्यरात्री खेळ लागतो,
लोक छत्र्या घेऊन येतात,
घड्याळ दिसलं की एका सुरात ‘सव्वाचार!’
मीही गेलो, शेहेचाळिसाव्या वर्षी, छत्री घेऊन.
धुऊनपुसून लख्ख केलेली प्रत,
काहीही न गाळलेली.
चौतिसावं मिनिट आलं. तळहाताला घाम.

पाद्री आणि एक कोळी होडीत बसून चहा पितात.
थर्मासमधला.
डिझेलच्या भावाबद्दल बोलतात.
सात मिनिटं.

बाहेर येऊन पर्थला फोन लावला.
तिच्याकडे अजून बारा वाजायचे होते.
चहा? मेरिन म्हणाली.
चहा.
आणि ती?
नाही.
बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मग म्हणाली, तो खोटा रे. आपल्याकडचा खरा.

कॅसेट माझ्या कपाटात आहे, मोज्यांखाली.
लावायला यंत्र नाही.
ती मुलगी कुठंतरी चाळिशी ओलांडून बसली असेल,
तिला काय ठाऊक
दोन पोरांनी तिच्यासाठी घसा फोडला होता ते.

गावच्या डोंगरांवर हल्ली झुडपं धरलीत.
घाटाच्या वळणांवरून रात्री खाली उतरताना
एखादं स्वयंपाकघर दिसतं,
दिवा लावलेला, पडदे उघडे,
आणि मी गाडी जरा हळू करतो.