डिझेलच

निनादने वहीच्या मधल्या पानावर हिशेब मांडला होता:
डिझेलची गाडी लाखभराने महाग,
लिटरमागे वाचणार ते इतकं इतकं,
म्हणजे एक लाख दहा हजार किलोमीटर झाले
की पहिला रुपया फायद्याचा.
खाली दोन रेघा मारून त्याने लिहिलं: पेट्रोल.
आणि पेनाला टोपण लावलं.

आबा म्हणाले, "बघू."
आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

कुठे जाणार होतो आम्ही एवढे?
गोवंडीहून चेंबूरची मंडई,
सायनला आईचा डोळ्यांचा डॉक्टर,
दिवाळीत ऐरोलीला मावशी.
वर्षाला चार हजार, फार तर पाच.
हिशेब फिटायला आबांना ब्याऐंशीपर्यंत
गाडी चालवावी लागली असती.
गाडीलाही तोवर चालावं लागलं असतं.

मीसुद्धा पेट्रोलच्याच बाजूची.
एकतीस वर्षं देवनार डेपोत
आबा पिटमध्ये उभे, बसच्या पोटाखाली, हात वर.
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची,
तरी माझ्या शाळेच्या फ्रॉकला
वास यायचाच थोडा.
मोनिषा टेंबे बाकावर सरकून बसायची.
तेव्हाच ठरवलं होतं,
आपल्या घरी गाडी आली तर तिला वास नसेल.

घाटकोपरच्या शोरूममध्ये मोगरा फवारलेला.
निशिथ गडा नावाचा मुलगा, टाय जरा आखूड,
म्हणाला, "अंकल, हिचं इंजिन म्हणजे
चालू आहे की बंद, कळतच नाही."
आबा हसले. कसंनुसं.

छेडानगरच्या सिग्नलला
आबांनी चालू गाडीची चावी पुन्हा फिरवली.

किर्रर्र.

निशिथने डोळे मिटून घेतले.
शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून पाहिलं.
डेपोतली पोरं ज्यांना बोलवायला यायची रात्री-बेरात्री,
खानविलकर मामा, जरा ऐकून सांगा ना काय झालंय,
त्या माणसाने चावीकडे पाहिलं,
मग आरशातून माझ्याकडे,
आणि लगेच आरसा नीट केला.
तो नीटच होता.

मग मला एकेक आठवत गेलं.
टीव्हीपुढे तिरकं बसणं.
फोन वाजला की "तूच घे गं."
कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या की चार,
यावरून आईशी होणारी भांडणं,
ज्यात आबा हल्ली लवकर हार मानायचे.

दुसरी गाडी सुरू झाली तेव्हा
फुटपाथवरचं कुत्रं उठून लांब गेलं.
आबा खाली उतरले, बोनेटवर पंजा ठेवला,
बोटं फाकवून,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
"तिसरा जरा मागे आहे."
"काय अंकल?"
"तिसरा सिलिंडर. वर्कशॉपला सांगा."
निशिथ म्हणाला, "डेमोची आहे ना, कोणीपण चालवतं,"
पण त्याने खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

रात्री निनाद फोनवर चिडला.
हिशेब समोर असून माणसं अशी कशी वागतात?
मी म्हटलं, तुझ्या वहीत एक रकाना राहिलाय.
कुठला?
नाही सांगितलं.

कानाच्या डॉक्टरचं आईने काढून पाहिलं.
"बघू."

आता रविवारी आम्ही दोघं वाशीच्या पुलापर्यंत जाऊन येतो.
आबा चपला काढून ठेवतात सीटखाली,
अनवाणी पायाने पेडल दाबतात.
मी डावीकडे बसते, आणि गेलाय तोही डावाच कान,
त्यामुळे बोलणं नाही.
गाडी खालून घुरघुरत असते,
ते मध्येच मान हलवतात,
हं, म्हणतात. मला नव्हे.

परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये
कुणीतरी दोनदा नाकाने हुंगलं.
मी पाठ वळवून
ओढणीचं टोक नाकाशी नेलं.

होता.