चुना सोडून देतो

अंबडचं जुनं जिनिंग उतरवतोय.
पाडत नाही, इलाही मिस्त्री म्हणतात,
उतरवतोय.

माझ्या तक्त्यात रकाने आहेत:
वजन, अंतर, किलोमागे धूर किती.
ते तक्त्याकडे बघत नाहीत. थापीच्या दांड्याने
वीट वाजवतात, कान लावून.
खणखणली तर उजवीकडे.
बद्द बोलली तर चुरा, कोब्याला.

मागची भिंत चुन्यातली. दोन टोल्यांत
वीट हातात येते, अंगावर पांढरी पूड घेऊन.
पुढची अठ्ठ्याऐंशी सालची, सिमेंटातली;
तिथे जोड सुटत नाही, वीटच फुटते.
“चुना सोडून देतो, बाई.
शिमिट धरून बसतं, मरेपर्यंत.”

मी लिहिते: जुनी वीट, तीन किलो, धूर शून्य.
तिचं जळणं कधीच होऊन गेलं.
सळईपाशी अडते.
जालन्याला जाईल, वितळेल, पुन्हा सळई होईल,
पण त्या भट्टीची वीज कुठल्या कोळशाची?
परळीची राख आठवते.
शून्य खोडते.

दुपारी एक वीट निघाली,
तिच्यावर कुत्र्याचा पंजा, माती ओली असतानाचा.
कुठली भट्टी, किती कोस, कोण जाणे.
अंतराचा रकाना रिकामा.
इलाहींनी ती धोतराला पुसून बाजूला ठेवली.
ही विकायची नाही.

शेवटचा रकाना: नव्या इमारतीचं आयुष्य.
साठ, मी म्हणते.
“आन् एकसष्टाव्या वर्षी उतरवायला कोण येणार,
त्याचा काही इचार?”

जोडकामासमोर मी ‘सिमेंट’ लिहिलं होतं.
पेनाने.