नावात बदल

पावती मयूरीच्या नावाची होती.
तीन महिन्यांची फी, आगाऊ,
आणि मयूरी गेली पुण्याला, दवाखान्यात नोकरीला,
चार दिवसांत बॅग भरून,
कानावर लावायचे मफ तेवढे खुंटीवर ठेवून.

पैसे परत मिळतात का, विचारायला गेले मी.
दुधाळीच्या रेंजवर जमादार मॅडमनी वही उघडली.
"पैसे न्हाई मिळत, ताई. नाव बदलून मिळतंय."
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
मयूरीवर एक रेघ, खाली मी:
शालन सातपुते, वय अठ्ठेचाळीस, काम वेणीचं.
"फुलांची?"
"चामड्याची. चपलेवरची."

पहिला तासभर गोळीच नाही.
नुसतं सांगणं.
रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं.
नळीचं तोंड कायम मातीच्या बांधाकडं.
बोट बाहेर, मन ठरेपर्यंत आत घालायचं नाही.
हे शेवटचं मी मनात दोनदा म्हटलं.
घरात कुणी पाळलं असतं तर
(राहू दे ते.)

पिस्तूल किलोभर कांद्याएवढं,
पण सगळा भार पुढं, नाकाकडं.
"आवळू नका. पाव्हण्याचा हात धरल्यागत धरा,
सैल न्हाई, घट्ट न्हाई."
माझ्या मुठीवर त्यांची मूठ आली
आणि अंगठ्याच्या घट्ट्यावर थांबली.
"आरीचा?"
"अठ्ठावीस वर्षांचा."
"मग थरथर कशाची ओ?"

नळीच्या टोकावर जी बारकी खुंटी असते
तिला इथं माशी म्हणतात.
माझी माशी बसायलाच तयार नव्हती.
"काळ्या ठिपक्याकडं बघू नका. माशी बघा.
ठिपका अंधुक दिसला पायजे."
ज्याच्यावर नेम धरायचा तोच अंधुक?
"अंधुकच ऱ्हाऊ दे त्याला."
रंकाळ्याकडून वारा आला, कागद हलला,
मी माशी बघत राहिले
डोळ्यात पाणी येईपर्यंत.

मग पाच गोळ्या, तळहातावर.
पेन्सिलीच्या उरलेल्या तुकड्याएवढ्या.

श्वास अर्धा सोडला. बोट आत.
कधी सुटली ते आपलं आपल्यालाच कळता कामा नये,
असं सांगितलं होतं.
नाही कळलं.
आवाज कानात आलाच नाही,
दातांत आला, बरगडीत आला,
आणि गरम टरफल उडून
पायावर पडलं, माझ्याच हातच्या वेणीवर.
"उद्यापासनं बूट," मॅडम म्हणाल्या.
मला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

कागद जवळ आला तेव्हा त्यावर तीन भोकं.
एक तर पार कोपऱ्यात, छापखान्याचं नाव असतं तिथं.
चौथी बांधानं गिळली.
पाचवी?
शेजारी मगदूमांचं पोरगं, तेराएक वर्षांचं,
आपला कागद घेऊन आलं.
"मावशी, तुमची एक माझ्याकडं आलीया."
त्यानं पाच मारलेल्या, भोकं सहा,
आणि कुठलं कुणाचं ते मॅडमनाही सांगता येईना.
पोरगं म्हणालं, "ही नऊची तुमची.
मी आज सातच्या आत गेलोच न्हाई."
खोटं बोलत होतं.
कागदावर नऊच्या घरात आणखी दोन होती.
त्यानं पेनानं त्या एकाभोवती गोल केला
आणि कागद घडी घालून मला दिला.

रात्री मयूरीचा फोन. "आई, मिळाले का पैसे?"
"बघू. सोमवारी या म्हणालेत."
बोटांना चामड्याच्या वासाखाली
दुसराच एक वास होता,
साबणानं न गेलेला.
दिवा मालवून पडले तर
बुटांचंच डोक्यात.
कुणाकडून तरी मागून आणायला हवेत.
घरात तीनशे जोड चपला रचलेल्या, छतापर्यंत,
बूट एक नाही.