अकरावा किलोमीटर

सारेमा बेटावर, कुरेसारेच्या वाटेला,
काकांची जुनी जावा नेमकी अकराव्या किलोमीटरला मरते.
आधी खोकते, मग एक ढेकर, मग काहीच नाही.

हेल्दुरकाका उतरतात. हातमोजे दातांनी ओढून काढतात.
पेट्रोलचा कॉक: उघडा. नळी: नवी, पारदर्शक, कोरडी.
कार्बोरेटर तर गेल्या रविवारीच
स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटा होऊन पडला होता,
हेरिंगच्या बशीशेजारी.
जेट मी दिव्यासमोर धरला,
पलीकडे माइमूकाकूचा चष्मा चमकला. साफ.

मग टाकीत आहे ना, म्हणून झाकण उघडतात.
आहे. हलतंय.
झाकण लावतात, दम खातात, एक किक, आणि गाडी सुरू.
"लाजली," काका म्हणतात.

चौथ्या खेपेला,
ज्युनिपरच्या झुडपांपाशी वारा खात उभे असताना,
झाकण उघडतानाचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.
बाहेर सुटलेला नव्हता तो. आत ओढलेला,
रडून झाल्यावर पोर घेतं तसा.

झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, हवेसाठी.
बर्फ वितळल्यावर काकांनी टाकी रंगवली होती,
चेरीलाल, दोन हात.
झाकणही सोडलं नव्हतं.

साइडकारमधल्या काकूकडे स्कार्फची पिन मागितली.
रंगाचा पापुद्रा निघाला, तिळाएवढा.
काकांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला,
आणि फुंकर मारली, माझ्याच तोंडावर.

अकरा गेला. बारा.
तेराव्याला थांबलो,
पण ते काकांना लघवीला लागली म्हणून.