नेहेतेची शांतता

भुसावळ, मे महिना.
नेहेते स्ट्रीमर दाखवतो:
वहीएवढा, आत पंखा नाही, श्वाससुद्धा घेत नाही.
"आलापात तुमचा कॉम्प्युटर घरघरतो, भाऊ.
हा मधे बोलत नाही."
किंमत सांगताना स्वतःचाच आवाज उतरवतो.

घरी येऊन कान देऊन ऐकलं.
घरघरतो, खरं आहे.
पण कूलर त्याच्याहून मोठ्यानं,
आणि कूलरमध्ये बादली रिकामी करणारी प्रमिला
कूलरहून.

दीपनगरच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात,
तरी साडेनऊला लाइट गेली.
नेहेते विकत होता तीच शांतता,
फुकट, घरभर, घामेजलेली.
गाणं तेवढं नव्हतं तिच्यात.

आलाप अर्ध्यात, कुठेतरी निषादावर लोंबकळत.
अंधारातून प्रमिला:
"आधी इन्व्हर्टर आना.
मंग बसा ऐकत
कोन घरघरतं ते."