तेहेतीस की अडतीस

रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
पहिलं सर्किट गेलं.
आपोआप एकदा घेतलं गेलं, पुन्हा गेलं.
रिलेच्या छोट्या पडद्यावर उमटलं:
बी फेज, जमिनीशी. अंतर तेहेतीस किलोमीटर.
मी रजिस्टरमध्ये तेवढंच लिहिलं
आणि लटारू गेडामला उठवलं.

एप्रिल. बॅटरीवरचा एक दिवा,
बंद कूलरमधून वाळ्याचा शिळा वास.
पिंपळधरीपासून पुढं सगळा अंधार.
फोनवर एक दवाखाना, एक जिनिंगवाला,
आणि एक माणूस, जो दर दहा मिनिटांनी
फक्त "काय मॅडम?" म्हणायचा.

साडेतीनला लटारू:
"एकशेचार नंबरच्या टावरखाली उभा हाओ जी.
अथी काईच नाई. डिस्का साऱ्या पांढऱ्या.
तुमचं मशीन लबाड बोलून रायलं."

"मागचे दोन टॉवर बघ."
"पाह्यले."
"पुन्हा बघ."
"पाह्यले म्हणतो ना जी."

मशीन लबाड नव्हतं. ते नुसता भागाकार करतं,
व्होल्टेज भागिले करंट,
आलेल्या ओहमांचे किलोमीटर.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की त्याच टॉवरच्या डाव्या हातांवरची दुसरी लाईन
कालपासून बंद आहे.
नुसती बंद नाही,
दोन्ही टोकांना आम्ही तिला जमिनीशी बांधलेली,
कारण सकाळी वर माणसं चढणार होती.
परमिटवर सही माझी.

अशा बांधलेल्या तारेतही
शेजारणीचा कल्लोळ उतरतो, न शिवता,
उलट्या दिशेनं वाहतो
आणि दुखणं आहे त्याहून जवळ दाखवतो.
परीक्षेत हे दहा मार्कांना आलं होतं.
मी आकृती फार सुबक काढली होती.

"लटारूभाऊ, लाईनखाली नथ्थूजीचं कुंपण आहे ना..."
"त्याच्या तारेले मुंग्या येतात. बकऱ्या बी शिवत नाईत."
"तसंच झालंय. पुढं चाल."
"किती?"
मी कागदावर हिशेब मांडला, खोडला, मांडला.
"पाच किलोमीटर. कमीजास्त."

त्यावर तो काही बोलला नाही.
फोन चालूच राहिला.
तुरीच्या खुंटांवर घासणाऱ्या चपला,
कुठंतरी टिटवी,
एकदा तो थांबून लघवीला गेला, तेही ऐकलं.

एकशेएकवीसच्या अलीकडंच त्याला वास आला.
कुणीतरी धुरा पेटवला होता,
धुऱ्यावर पराटीचा ढीग,
धूर सरळ उभा, तारेपर्यंत.
"खालून तिसरी डिस्क फुटली हाये जी.
मातीवर काळा ठिपका, ताटलीएवढा.
ढीग आतून अजून लाल हाये."

या पाच किलोमीटरांचं मी कुठं लिहू?
परमिटात रकाना नाही.
एकीचं अंतर मोजण्याआधी
दुसरी कशी आहे ते विचारा,
असा रकाना कुणी आखलेला नाही.
मी समासात पेन्सिलनं लिहिलं. साहेब खोडतील.

तिसऱ्या दिवशी दोन्ही सर्किटं चालू झाली.
लटारू ओसरीच्या पायरीवर
टाचेतला बाभळीचा काटा सुईनं कोरत होता.
वर न बघता म्हणाला,
"आता दोघी चालू. म्हणजे आता उलटं ना जी?
मशीन सांगन त्याच्या अलीकडंच पाहाचं?"

मी त्याला हे सांगितलं नव्हतं.
"हो," म्हटलं.
"मंग बरं," तो म्हणाला, "तेवढंच कमी चालणं,"
आणि काटा निघाला का ते
अंगठ्यानं दाबून पाहिलं.