नांग्या

वहीचं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं.
नावाचं शेपूट तेवढं उरलं, "...लर",
खाली "ऑर्गनवादक" आणि साल १७८३.
गाव कुठलं, लेकरं किती, मेला कधी,
सगळं वाळवीच्या पोटात.

मडमेच्या पेटाऱ्यातून आलेली, ती गेल्यावर राहिलेली ती वही
याफेत खंडारे सरकीच्या पोत्यावर उघडायचे.
खैरखेडच्या जिनात आठवडाभर कापूस मोजणारा माणूस,
कानांत रुई, भुवयांत रुई.
मला म्हणायचे, पाह्य बाप्पा,
पाच तासं आहेत. पेरलं कुठं ते वाच,
अन् सोडलं कुठं, तेबी.

ऑर्गनच्या उजव्या पायट्याचा पट्टा तुटलेला.
तो मी खाली बसून सुतळीनं ओढायचो.
म्हणून ते संगीत मला कायम
एका अनवाणी पायामागून ऐकू आलं;
टाचेला भेग, भेगेत काळी माती,
रविवारीही न निघालेली.

डाव्या हाताची दोन बोटं रेच्यात गेली होती.
त्यामुळे त्या ...लरच्या प्रार्थनेत
दर ओळीला कुठंतरी तूट पडे.
पहिल्या रविवारी पाळकसाहेब खाकरले.
दुसऱ्या रविवारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली सिप्पोराबाई
बरोबर त्या जागी
तोंडातल्या तोंडात "ऊं" म्हणाली.
तेवढंच. शब्द नाही.
सरांनी मान वळवली नाही.
पाय मात्र क्षणभर थांबलेला मी पाहिला.

ईस्टरपर्यंत बायांच्या बाकावर
कुणी कुठली नांगी भरायची ते ठरून गेलं.
कापूस वेचताना, भाकर थापताना
घोकत त्या आपापला तुकडा;
त्याच्या मागं काय, पुढं काय,
त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

एकदा विचारलं, कसा असंल हा माणूस?
"गरीब," ते म्हणाले. "कागद पाह्य ना, दोन्ही अंगानं लिहेल.
इथं मेण सांडलं, म्हणजे रात्र.
इथं खोडलं, अन् खाली पुन्हा तेच लिहिलं.
कोणीतरी 'लय लांबलं' म्हटलं असंल त्याले,
अन् थो ऐकला नसंल."
मग बराच वेळ त्या डागावर नख फिरवत बसले.

सर गेले. ऑर्गनात उंदरांनी संसार मांडला.
अमरावतीहून विजेचा कीबोर्ड आला,
आणि मी, दहा बोटांचा, बसलो
ती प्रार्थना एकदाची अख्खी वाजवायला.
तिसऱ्या ओळीला बायांचा बाक गप्प.
उपासना सुटल्यावर सिप्पोराबाईची सून
चपला शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आमच्या सासूचा सूर काहून घेतला जी?"

आता करंगळी आणि तिच्याजवळचं बोट
मुडपून वाजवतो.
करंगळीला सवय नाही अजून,
मधूनच उघडते.